मुठीतला जेसीबी

माघातल्या एका रविवारी शिवाजी पेठेत नात्यातल्या घरी सत्यनारायणाला गेले होते. पूजा आटोपली होती, शिऱ्यातल्या तुपाचा आणि केळ्याचा वास माजघरातून सोप्यापर्यंत येत होता आणि पंगतीला अजून अवकाश असल्याने माणसे ऐसपैस बसून बोलत होती. त्या घरातली अडीच वर्षांची नात फरशीवर बसून जेसीबी चालवत होती. पिवळ्या प्लास्टिकचा, एक चाक निखळून पुन्हा बसवलेला तो जेसीबी आदल्या खेट्याला, म्हणजे रविवारच्या वारीला, जोतिबाच्या डोंगरावर घेतलेला होता. तिने ताटलीतले चुरमुरे फरशीवर ओतून घेतले होते आणि पुढच्या बकेटमध्ये चार-पाच दाणे भरून ती ते शेजारच्या फरशीवर नेऊन रिकामे करत होती. ओठ मुडपलेले, डोळे बकेटवर खिळलेले. एखादा दाणा वाटेत सांडला की ती थांबत होती, तो चिमटीत धरून परत बकेटमध्ये ठेवत होती आणि मगच गाडी पुढे नेत होती. पाहुण्यांबरोबर आलेला तिच्याच वयाचा एक मुलगा बराच वेळ हे बघत उभा होता. मग तो पुढे आला आणि त्याने जेसीबीवर हात ठेवला. ती म्हणाली, “माझा.” त्याने ओढला, तिने छातीशी धरला, आणि तो भोकाड पसरून रडू लागला.

आतून आजी आल्या. पदराला हात पुसत त्या नातीजवळ बसल्या आणि अतिशय मायेने म्हणाल्या, “अगं, पाव्हणं आल्यात न्हवं? दे की त्याला. शाणी माझी बाय ती.” नातीने मान हलवून नकार दिला. आजींनी मग तिची मूठ आपल्या हातात घेतली आणि करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट हळूहळू उलगडले. जोर नव्हता, राग नव्हता, चेहऱ्यावर हसूही होते. जेसीबी त्या मुलाच्या हातात गेला, त्याचे रडणे थांबले आणि सोप्यातल्या माणसांनी नातीचे कौतुक केले. ती रडली नाही. ती आजींच्या हाताकडे बघत राहिली. थोड्या वेळाने ती उठली, कोपऱ्यात चादरीवर बसवलेल्या आठ-नऊ महिन्यांच्या चुलतभावापाशी गेली, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि त्याच्या मुठीतल्या खुळखुळ्याकडे हात नेत म्हणाली, “शाना ना तू? दे की.” त्याने अर्थातच दिला नाही. तेव्हा तिने त्याची मूठ आपल्या हातात घेतली आणि करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट उलगडले.

नक्कल हुबेहूब होती, म्हणून बायका खळखळून हसल्या. मला मात्र त्या चिमुकल्या बोटांचा तो क्रम घरी आल्यावरही सोडेना.

आजींना दोष द्यावा असे मला वाटले नाही आणि आजही वाटत नाही. कोल्हापुरात पाहुण्याला नाही म्हणणे ही गोष्ट माणसाच्या हाडातच नसते. दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय गेला तर घरातल्या कर्त्या बाईला रात्री झोप लागत नाही, आणि पाहुण्याचे लेकरू आपल्या सोप्यात खेळण्यासाठी रडले तर ती त्या घराची शोभा नव्हे, असेच त्या मानत आल्या आहेत. शिवाय त्या स्वतः वाढल्या त्या घरात भावंडे, चुलत भावंडे मिळून इतकी मुले होती, की एखादी वस्तू एकाच मुलाची आहे ही कल्पनाच कुणाला सुचली नसेल. मोठ्याचे कपडे धाकट्याला, त्याचे त्याच्या धाकट्याला. अशा घरात वाढलेल्या माणसाला मुलाच्या तोंडचे ‘माझं’ टोचते, त्यात पुढच्या आयुष्यातल्या भाऊबंदकीची चाहूल ऐकू येते आणि हे अंकुरातच खुडले पाहिजे असे प्रामाणिकपणे वाटते. त्या वाटण्यामागे काळजी आहे. तरीही त्या दुपारी नात काय शिकली, हा प्रश्न उरतोच. वस्तू दुसऱ्याला द्यावी हे ती शिकली असेल का? माझ्या डोळ्यांना जे दिसले त्यावरून ती एवढेच शिकली, की मोठ्या हाताने लहान मूठ उघडता येते आणि ते करताना गोड बोलायचे असते.

लहानपणी आम्ही खाऊ वाटून खात होतो तेव्हा चिमणीचे दात वापरत होतो. पेरू, आवळा, लिमलेटची गोळी, काहीही असो, वर फ्रॉकचा किंवा सदऱ्याचा कोपरा धरायचा आणि कापडावरून दाताने तुकडा पाडायचा, म्हणजे ते उष्टे होत नाही अशी आमची श्रद्धा होती. फ्रॉकच्या घेरावर त्या तुकड्यांचे डाग असत आणि आई धुताना ओरडत असे. त्या वाटणीत भांडणे होत, तुझा तुकडा मोठा, माझा लहान यावरून अबोला धरला जाई, पण एक गोष्ट निश्चित होती: वाटणी संपली की प्रत्येकाच्या हातात काहीतरी असे. खेळण्याचे तसे नाही. जेसीबी चिमणीच्या दातांनी तोडता येत नाही. तो दुसऱ्याला दिला, की आपला हात पूर्ण रिकामा होतो. खाऊ वाटताना आपण पदार्थ वाटतो, खेळणे वाटताना मात्र वेळ वाटावा लागतो: आत्ता तू, नंतर मी. आणि अडीच वर्षांच्या मुलाजवळ नेमके ‘नंतर’च नसते. ‘उद्या’ म्हणजे कधी हे त्याला कळत नाही, ‘पाच मिनिटे’ हा मोठ्यांच्या तोंडून येणारा एक आवाज असतो. हातातून गेलेली वस्तू परत येते, हा विश्वास अनुभवाने बसावा लागतो आणि तो अनुभव अजून गाठीशी जमलेला नसतो. आपण त्याला ‘दे’ म्हणतो तेव्हा ते ‘थोडा वेळ दे’ असे ऐकत नाही. ते ‘सोड’ एवढेच ऐकते.

या वेळेच्या वाटणीचे शिक्षण आम्हाला कुणी दिले असेल, तर ते भाड्याच्या सायकलीने. मिरजकर तिकटीच्या बाजूला एका दुकानात लहान मुलांच्या सायकली तासावर मिळत. सगळ्यांचे पैसे गोळा करून अर्ध्या तासाची एक सायकल आणली जाई आणि तिच्यावर गल्लीतली सात-आठ पोरे तुटून पडत. आमच्यात कुणाच्याच हातात घड्याळ नव्हते. म्हणून वाटणी फेऱ्यांनी होई: मारुतीच्या देवळापर्यंत जायचे, पारावरून वळायचे, आणि परत आले की उतरायचे. ज्याचा नंबर नसेल तो सायकलीमागून धावायचा. त्या धावण्यातही गंमत होती, कारण वळणावरून परत येणारी सायकल डोळ्यांना दिसत असे. आपला नंबर किती जवळ आला आहे हे प्रत्येकाला उघड्या रस्त्यावर कळत होते. आजही रंकाळ्याकाठच्या बागेत संध्याकाळी गेले, की झोपाळ्याशी उभ्या असलेल्या आज्या हेच करताना दिसतात. “वीस झोकं झालं की उतरायचं,” असे ठरते आणि रांगेतली सगळी पोरे मोठ्याने झोके मोजू लागतात. ज्याला विसापर्यंत मोजता येत नाही, तेही दहानंतर नुसतेच ओरडत राहते. झोपाळ्यावरचे मूल फारशी कुरकुर न करता उतरते, कारण त्याला कुणी उतरवलेले नसते; मोजणे संपलेले असते. या आज्यांनी बालमानसशास्त्राचे पुस्तक उघडलेले नाही, पण लहान मुलाला वेळ दाखवावा लागतो, सांगून भागत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

पुस्तकांतही अलीकडे मी थोडे डोकावले. अमेरिकेतल्या मिल्ड्रेड पार्टन यांनी मिनेसोटातल्या शिशुशाळेत मुलांचे खेळ न्याहाळून १९३२ साली जे मांडले, ते आजही बालवाडीच्या प्रशिक्षणात शिकवले जाते. लहान मुले आधी एकटी खेळतात, मग एकमेकांच्या शेजारी बसून आपापले खेळतात, आणि एकत्र येऊन एकच खेळ मांडणे हे त्यानंतर, हळूहळू येते. दोन वर्षांची दोन मुले एकाच चटईवर बसून एकमेकांकडे न बघता वाट्या रचत असतात, तेव्हा ती एकमेकांशी फटकून वागत नसतात. शेजारी बसणे हाच त्यांचा त्या वयातला सहवास असतो. त्याहून मला थांबायला लावले ते लॉरा लेव्हाइन यांच्या १९८३ सालच्या अभ्यासाने. त्यांनी दोन वर्षांच्या मुलग्यांच्या अनोळखी जोड्या खेळायला बसवल्या. ज्या मुलांना स्वतःची जाण अधिक स्पष्टपणे आली होती, आरशातला तो मीच, ‘मी’ म्हणजे कोण आणि ‘तू’ म्हणजे कोण, हे ज्यांना नीट उमगले होते, तीच मुले खेळण्यांवर अधिक ठासून हक्क सांगत होती. म्हणजे ज्या शब्दाने आजींना भाऊबंदकीची चाहूल लागली, तो शब्द उच्चारताना ती पोर बहुधा एवढेच सांगत होती, की मी म्हणून कुणीतरी आहे आणि माझी सीमा इथपर्यंत आहे. हातात धरलेल्या वस्तूने ती स्वतःला आखत होती. मी आणि तू यांतली ही रेघ आधी उमटल्याशिवाय, ती ओलांडून काही देणे तरी कसे घडावे?

हे वाचताना मला २०१९ च्या ऑगस्टची आठवण झाली.

पंचगंगेचे पाणी तेव्हा किती चढले होते हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. चिखली-आंबेवाडीकडची कुटुंबे शहरात ठिकठिकाणी आणून ठेवली होती. मी ज्या सभागृहात पोळ्या लाटायला जात होते, तिथे ओल्या कपड्यांचा, फिनेलचा आणि रात्रंदिवस उकळणाऱ्या आमटीचा मिळून एक वास भरून राहिला होता. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी खेळण्यांची दोन मोठी खोकी पाठवली. बाहुल्या, बॅटबॉल, चावीची माकडे, ठोकळे. मुलांनी सतरंजीवर त्यांचा ढीग केला आणि आश्चर्य म्हणजे फारशी भांडणे झाली नाहीत. ती खेळणी कुणाचीच नव्हती. या हातातून त्या हातात जात होती, टाकली जात होती, उचलली जात होती. त्या ढिगापासून जरा दूर, खांबाला टेकून चार-एक वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्याच्या मांडीवर एक लाल एसटी होती. पत्र्याची, छप्पर चेपलेली, मागच्या बाजूला चाकेच नव्हती. दुसऱ्या एका पोराने ती मागितली. त्याने दोन्ही हातांनी ती पोटाशी धरली. मदतीला आलेल्या एक बाई, अगदी चांगल्या मनाने, त्याला समजावू लागल्या की बाळा, बघ किती नवीन खेळणी आली आहेत, सगळ्यांनी मिळून खेळायचे ना, दे बरं त्याला. तेव्हा भिंतीकडेला बसलेली त्याची आजी पुढे सरकली आणि म्हणाली, “ऱ्हाऊ द्या ताई. तेवढंच घिऊन आलाय बघा घरातनं.”

बाई गप्प झाल्या. मागणाऱ्या पोरालाही काय समजले कोण जाणे, तोही जाऊन ढिगात मिसळला. आम्ही मोठी माणसे त्या दिवसांत आपले घर, आपली जनावरे, आपली कागदपत्रे यांबद्दलच बोलत होतो आणि कुणीही कुणाला स्वार्थी म्हणत नव्हते. त्या मुलाची एसटी ही त्याची कागदपत्रे होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पोळ्यांचे पीठ मळता मळता मी त्याच्याकडे बघत होते. तो सतरंजीच्या कडेने एसटी ढकलत होता आणि तोंडाने गावांची नावे घेत थांबे करत होता. आदल्या दिवशी ज्याने ती मागितली होती तो पोरगा त्याच्याबरोबर रांगत होता आणि प्रत्येक थांब्याला घंटी वाजवण्याचे काम त्याला मिळाले होते. एसटी अजून पहिल्याच्याच हातात होती. ती त्याने दिली नव्हती. पण तिच्यात त्याने दुसऱ्याला बसवून घेतले होते, आणि ते कुणीही सांगितले नव्हते.

देणे ही सक्तीने घडणारी गोष्ट आहे का, याबद्दल माझ्या मनात एक जुनी गाठ आहे. मी सहा-सात वर्षांची असताना माझ्याकडे एक कापडी बाहुली होती. आईनेच शिवलेली, काळ्या लोकरीची वेणी, जुन्या खणाचे परकर-पोलके. एका मे महिन्यात बेळगावकडची एक नातलग मुलगी आमच्याकडे राहायला आली. तिची आई नुकतीच गेली होती, हे मला तेव्हा सांगितले नव्हते. ती निघाली त्या सकाळी आईने बाहुली तिच्या पिशवीत घातली. मी खेळून आले, तेव्हा कोनाडा रिकामा होता. “तिला दिली. तुला दुसरी शिवते,” असे आई म्हणाली, आणि तिने खरोखरच दुसरी शिवलीही. आज त्या मुलीच्या दुःखाचा विचार केला, की आईने केले ते योग्यच होते असे मनापासून वाटते, मी तिच्या जागी असते तर कदाचित तेच केले असते. आणि तरीही त्या खणाच्या पोलक्याचा जांभळा काठ डोळ्यांपुढून जात नाही. ते देणे आईचे होते, त्यातले पुण्यही तिचे, माझ्या वाट्याला फक्त रिकामा कोनाडा आला. आईने मला जवळ घेऊन त्या मुलीची हकीकत सांगितली असती, तर मी बाहुली दिली असती का? सांगता येत नाही. कदाचित नसती दिली. पण दिली असती तर ती माझ्या हातून गेली असती.

या ‘माझ्या हातून’ला फार मोठे महत्त्व आहे, असे एका प्रयोगाबद्दल वाचताना वाटले. नादिया चेर्न्याक आणि तमार कुश्नीर यांनी २०१३ साली तो प्रसिद्ध केला. बालवाडीच्या वयाच्या मुलांना हातात घालायचा एक बाहुला दाखवला, तो उदास आहे असे सांगितले. काही मुलांना निवड दिली: हे स्टिकर तू स्वतःजवळ ठेवू शकतोस किंवा त्याला देऊ शकतोस. काही मुलांना मात्र ते द्यायलाच लावले. नंतर दुसरा बाहुला आला आणि सर्वांनाच स्टिकर वाटण्याची मोकळीक होती. ज्यांनी आधी स्वतः ठरवून, स्वतःचे काही सोडून दिले होते, त्यांनी या वेळी अधिक दिले. ज्यांना द्यायला लावले होते, त्यांचे हात आखडते राहिले. आपण जबरदस्तीने एकदा द्यायला लावलेले मूल पुढच्या वेळी देण्याला सोकावेल, असे आपल्याला वाटते. घडते ते उलटे. मुलाने स्वतः मूठ उघडली, की आपण देणारे आहोत हे त्याला स्वतःबद्दल कळते. दुसऱ्याने उघडली, तर त्याला कळते ते फक्त उघडणाऱ्याबद्दल.

राजारामपुरीत माझ्या ओळखीच्या एक ताई अनेक वर्षे बालवाडी चालवतात. त्यांच्या वर्गात प्रत्येक साधन एकेकच आहे. एक मण्यांची पेटी, एक लाकडी मनोरा, चिंचोक्यांची एक परडी. पालक विचारतात, ताई, दोन का नाही घेत, पोरं भांडतात. त्या सांगतात, की मुद्दामच एक आहे. ही माँटेसरीबाईंची जुनी रीत, आणि आपल्याकडे ती ताराबाई मोडक यांच्यासारख्या माणसांनी महागड्या साधनांतून सोडवून बिया, शंख-शिंपले, दगडगोटे यांच्यापर्यंत आणली. साधन फळीवर असेल तर कुणीही घ्यावे. चटईवर कुणापुढे असेल, तर ते त्या मुलाचे, त्याचे काम होईपर्यंत. दुसऱ्या मुलाने हात घालायचा नाही, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे म्हणजे ताईंनीही घालायचा नाही. काम झाले की ते पुन्हा फळीवर ठेवायचे. मी एकदा मागच्या भिंतीला बसून हे पाहिले. एक मुलगी मण्यांच्या पेटीशी इतका वेळ बसली, की वाट बघणाऱ्या मुलाने दोन्ही पाय आपटून घेतले, नाक ओढले, ताईंच्या साडीचा पदर धरला. ताई खाली बसून त्याला म्हणाल्या, “तुला पेटी पाहिजे. लई पाहिजे. तिचं अजून चाललंय. आपण दोघं बघू तिचं.” त्या खरोखरच त्याच्याबरोबर बघत बसल्या. कंटाळून तो चिंचोक्यांकडे गेला आणि त्यातच रमला. काही वेळाने त्या मुलीने पेटी बंद केली, फळीकडे जायला निघाली, मध्येच वळली आणि चिंचोक्यांपाशी येऊन ती पेटी तिने त्या मुलाच्या पुढ्यात ठेवली. फळीवर ठेवायचा नियम तिने मोडला होता. ताई काही बोलल्या नाहीत. मुलीचे गाल मात्र फुगले होते, आणि ती परत जागेवर जाताना दोनदा वळून बघत गेली.

मला घराघरांतल्या आताच्या चित्राबद्दलही बोलायचे आहे, कारण आजींच्या काळाचा प्रश्न आणि आजचा प्रश्न एक नाही. आता फ्लॅटमध्ये एकच मूल असते आणि त्याच्या खेळण्यांनी दोन-तीन टोपल्या भरलेल्या असतात. इतके असल्यावर वाटायला काय हरकत आहे, असे पाहुण्यांना वाटते आणि आईवडिलांनाही. पण जे मूल एरवी ज्या गाडीकडे ढुंकून बघत नाही, तीच गाडी शेजारच्या मुलाने उचलताच त्याला हवी होते, आणि आईला ते हटवादी वाटते. मी हे पुष्कळदा जवळून पाहिले आहे आणि मला त्यात दुष्टपणा दिसत नाही. टोपलीत पडलेली गाडी निपचित असते. दुसऱ्याच्या हातात ती धावू लागते, घरघर आवाज करते, बोगद्यातून जाते. मुलाला हवा असतो तो खेळ, आणि त्याला वाटते की तो खेळ गाडीतच आहे. म्हणूनच हुबेहूब दुसरी गाडी आणून दिली तरी भांडण मिटत नाही. अशा वेळी माझी एक भाची फार शहाणपणाने वागते. मित्रमंडळी यायच्या आधी ती मुलाला विचारते, यातले आज कुणालाच द्यायचे नाही असे काय आहे? तो दोन-तीन वस्तू निवडतो, बहुतेक वेळा कान तुटलेला ससा आणि एक पाण्याची बाटली, आणि त्या कपाटात जातात. बाकीची टोपली मग तो स्वतःच दिवाणखान्याच्या मध्यावर ओढत आणतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे कपाट आधी खटकले, मुलाला लपवायला शिकवते म्हणून तिला बोलही लागले. पण आपण तरी पाहुण्यांपुढे सगळी कपाटे उघडी टाकतो का?

मूल वाढते तसे हे आपोआप सुटते, असेही नाही आणि सुटतच नाही असेही नाही. स्वित्झर्लंडमध्ये अर्न्स्ट फेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२९ मुलांना गोळ्यांच्या वाटणीचे पेच घातले होते, त्याचे निष्कर्ष २००८ साली आले. दोन्ही गोळ्या मला, की एक मला आणि एक त्याला, असे विचारल्यावर तीन-चार वर्षांच्या मुलांत वाटून घेणारे फारच थोडे निघाले, सात-आठ वर्षांच्या मुलांत मात्र जवळजवळ निम्मे. एवढा काळ लागतो. तो काळ देण्याची आपली तयारी नसते, कारण पाहुणे आत्ता सोप्यात बसलेले असतात. मात्र तीन वर्षांची मुलेही एका परिस्थितीत बरोबर वाटणी करतात, हे जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. दोन मुलांनी दोरीची दोन टोके एकदम ओढली, तरच फळी पुढे येत होती आणि तिच्यावरची बक्षिसे मिळत होती. बक्षिसे मुद्दाम विषम ठेवलेली: एकाच्या बाजूला तीन, दुसऱ्याच्या बाजूला एक. जिथे दोरी दोघांनी मिळून ओढली होती, तिथे तीनवाल्याने बहुतेकदा एक काढून दुसऱ्याला दिले. जिथे बक्षिसे न ओढता, आयतीच समोर आली होती, तिथे हे क्वचित घडले. एकत्र घाम गाळल्यावर समोरचा माणूस आपला होतो, हे तीन वर्षांच्या पोरालाही कळते.

लाइपझिगला न जाता हे बघायचे असेल, तर दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या पेठांतून फिरावे. सहामाही परीक्षा संपते आणि गल्लीच्या कोपऱ्यावर दगड, विटा, पोती आणि माती येऊन पडते. पन्हाळा करायचा की विशाळगड, यावर दोन दिवस वाद होतात. मग चिखल तुडवला जातो, पोती भिजवून बुरुजांवर चढवली जातात, उतारावर मोहरी आणि हळीव पेरले जाते, आणि एरवी एकमेकांना पेन्सिलही न देणारी पोरे एका घमेल्याला चौघे धरून माती वाहतात. मावळे मात्र ज्याचे त्याचे असतात. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून आणलेले, गेल्या वर्षीचे नाक उडालेले, काकाने पुण्याहून पाठवलेले. गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतला किल्ला बघायला मी वाकले, तेव्हा एका पोराने भालदार उलटा करून मला त्याचा तळ दाखवला. तिथे नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. दुसऱ्याच्या मावळ्याला निळी शाई, तिसऱ्याच्या तळाला खिळ्याने कोरलेले ‘आ’. दिवाळी सरली की ज्याचा त्याला परत मिळावा म्हणून ही खूण. तोवर सगळे एका राजाचे सैन्य. कुणाचा मावळा बुरुजावर आणि कुणाचा बाजारपेठेत, हे ते खूण बघून ठरवत नव्हते.

त्यांच्यात शेजारच्या घरातली तीन वर्षांची एक मुलगीही होती. तिच्याजवळ मातीचा एक वाघ होता आणि तो किल्ल्याखालच्या गुहेत बसवावा, असे सर्वांचे मत पडले होते, कारण गुहा तयार होती आणि वाघ दुसरा नव्हता. ती गुहेत वाघ ठेवत होती, हात मागे घेत होती, दोन श्वास थांबत होती आणि पुन्हा उचलून घेत होती. ठेवला, उचलला. ठेवला, उचलला. तिची आई दारातून म्हणाली, “ठेव गं तिथं, दादा लोकांनी गुहा केलीय न्हवं तुझ्यासाठी.” बुरुजावर चुना लावत बसलेल्या, चौथी-पाचवीतल्या पोराने मान वर न करताच उत्तर दिले, “असू दे ओ काकी. वाघ काय एका जागंला बसतोय व्हय? रानात गेलाय म्हणू.”